पद्मनाभपुराहून पदुमधानीला

दुर्ग आणि भिलाई ही छत्तीसगढमधील जुळी शहरे. एक शिवनाथ नदीच्या काठचे जुने गाव. दुसरे पोलादाच्या कारखान्याबरोबर जन्माला आलेले. पद्मनाभपुर ही त्यांतील दुर्गच्या बाजूची वस्ती, आणि त्या वस्तीत आमचे घर. थायलंडची राजधानी बँकॉक. तिच्या उत्तरेस लागूनच एक प्रांत आहे. त्याचे नाव थाई लिपीत ‘पदुमधानी’ असे लिहितात आणि ‘पथुम थानी’ असे उच्चारतात. पदुम म्हणजे पद्म आणि धानी म्हणजे नगरी. माझी धाकटी बहीण लग्नानंतर पतीच्या नोकरीनिमित्त त्या प्रांतात राहावयास गेली, तेव्हा आई म्हणाली, “एका कमळातून निघून पोरगी दुसऱ्या कमळात गेली. नावापुरती तरी ओळखीची जागा आहे!”

पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात बहिणीचे पत्र आले. भाद्रपदाच्या सुमारास तिचे बाळंतपण होते. त्या अवस्थेत तिने इकडे येणे वैद्यांना पसंत नव्हते, तेव्हा माहेरच तिच्याकडे जावयाचे ठरले. माहेर म्हणजे आता आई आणि मी. नागपूर आणि पंढरपूर यांपलीकडे कधी न गेलेल्या आईला परदेशी न्यावयाचे, तेथे तिच्या हातून बाळंतिणीचे सारे यथासांग व्हावयाचे, आणि जन्मणाऱ्या बाळाचे कागद दोन देशांच्या दप्तरांत बिनचूक उतरवावयाचे, अशी त्रिविध जबाबदारी माझ्यावर आली. त्या दोन महिन्यांत परक्या देशातील नित्याच्या संसाराविषयी जे शिकलो, ते परगावी मुलेबाळे असलेल्या अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल, या हेतूने येथे सांगत आहे.

भिलाईतील परदेशी शेजारीण

परकेपणाचा पहिला धडा आईने भिलाईतच पाहिला होता. पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या धामधुमीच्या काळात, १९५८ साली, माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वर्धा जिल्ह्यातून भिलाईस आले. रशियन अभियंते आणि त्यांची कुटुंबे तेव्हा व पुढेही कित्येक वर्षे तेथे राहत होती. आई सहा-सात वर्षांची असताना बाजारात एक रशियन बाई भाजी घ्यावयास येई. तिला हिंदीचे जेमतेम दहा शब्द येत. परंतु त्या दहा शब्दांवर ती कांदे, बटाटे, दूध सारे घेऊन जाई, आणि जाताना भाजीवालीच्या मुलाची चौकशी करण्यास विसरत नसे. आजोबा म्हणत, “परक्या मुलखात पोटाला लागणारे दहा शब्द आधी शिकावेत, अकरावा आपोआप येतो.”

विमानात बसताना आईला हीच गोष्ट आठवली. ती म्हणाली, “आता त्या बाईच्या जागी मी.”

प्रवेश, मुक्काम आणि कागद

आम्ही आगगाडीने दुर्गहून हावड्यास गेलो आणि कोलकात्याहून विमान धरले. अडीच तासांच्या सुमारास विमान सुवर्णभूमी विमानतळावर उतरले. घड्याळ दीड तास पुढे करावे लागले. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीय पारपत्रधारकांना पूर्वपरवान्यावाचून ६० दिवस राहण्याची सवलत दिली होती, तिचा आम्हांला लाभ झाला. १५ ऑगस्टला पारपत्रावर शिक्का पडला, तेव्हा १३ ऑक्टोबर हा आमचा अखेरचा दिवस ठरला. असे नियम मात्र वरचेवर बदलतात. उदाहरणार्थ, १ मे २०२५ पासून तेथे जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसास आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत प्रवेशपत्र संगणकावर भरावे लागू लागले. म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहून घ्यावा. शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

घरी पोचताच मेहुण्यांनी आमची पारपत्रे मागून घेतली. परदेशी माणूस ज्या घरी उतरतो, त्या घराच्या मालकाने चोवीस तासांच्या आत ती वर्दी सरकारला द्यावी, असा तेथील १९७९ च्या कायद्याचा दंडक आहे. आपल्या घरी आलेल्या सासूबाईंची वर्दी सरकारात द्यावयाची, हे आईला मोठे चमत्कारिक वाटले. मेहुण्यांनी घरमालकाला दुसऱ्याच दिवशी गाठून ते काम उरकले, कारण ही पावती नसली की पुढे मुदतवाढीच्या वेळी अडते. खुद्द मेहुण्यांसारख्या दीर्घकाळ राहणाऱ्यांना दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो, आणि नोकरीसाठी स्वतंत्र कामाचा परवाना जवळ बाळगावा लागतो. पतीच्या आधारावर राहणाऱ्या पत्नीसही असा परवाना काढल्यावाचून अर्थार्जन करता येत नाही. मी माझी मुद्रिते सोबत नेणार होतो. पाहुणा म्हणून आलेल्याने तेथे बसून काम करू नये, हे कळल्यावर ती कार्यालयातच ठेवून गेलो. दोन महिने मी निखळ मामा होतो.

मेहुणे नवनकोर्न या उद्योगवसाहतीत अभियंता आहेत. नकोर्न म्हणजे नगर. २०११ च्या महापुरात ही सारी वसाहत पाण्याखाली गेली होती. तेथून थोड्या अंतरावर एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीत त्यांचे भाड्याचे घर आहे. घर घेताना दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ, ही तेथील सर्वसाधारण पद्धत. नळाचे पाणी सहसा कोणी पीत नाही. रस्त्याच्या कडेला पाण्याची यंत्रे असतात, त्यांत नाणे टाकून घरची बाटली भरून आणावयाची. हे काम माझ्याकडे आले. दाराशी चपला काढणे, कोणाच्या मस्तकाला हात न लावणे, कोणाकडे वा मूर्तीकडे पाय करून न बसणे, हे आईला शिकवावे लागले नाही. सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते आणि सारे जागच्या जागी उभे राहतात. एकदा गाडीच्या स्थानकावर आईही हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहिली. राजघराण्याविषयी तेथे थट्टेने वा टीकेने बोलू नये; तो कायद्याने गंभीर अपराध आहे.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. तेथे बुद्धवर्ष चालते. ते आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असते, म्हणजे आम्ही गेलो ते वर्ष २५६७. एके दिवशी आईने गुडघ्याला चोळावयाचे औषध कचऱ्याच्या डब्यात टाकले. बाटलीवर मुदत ‘६९’ अशी छापली होती. “पंचावन्न वर्षांपूर्वी मुदत संपलेले औषध दुकानदाराने गळ्यात मारले!” असे तिचे म्हणणे. ते ६९ म्हणजे २५६९, म्हणजेच इसवी सन २०२६, हे समजल्यावर बाटली परत फळीवर गेली.

दहा शब्द

थाई भाषा कानाला परकी आणि डोळ्यांआड ओळखीची आहे. परकी यासाठी, की तिच्यात पाच सूर आहेत; सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘क्लाय’ हा शब्द सपाट सुरात उच्चारला तर ‘दूर’, आणि वरून खाली उतरत्या सुरात उच्चारला तर ‘जवळ’! मी एका टॅक्सीवाल्याला रुग्णालय जवळच आहे असे बजावून सांगत होतो आणि तो बिचारा दूरच्या प्रवासाची तयारी करीत होता. ओळखीची यासाठी, की कागदावर आणि पाटीवर संस्कृत-पाली शब्द पदोपदी भेटतात. भाषेला ‘फासा’ म्हणतात, आहाराला ‘आहान’, गुरूला ‘ख्रू’, विद्यालयाला ‘विथयालय’. रविवार हा आदित्याचा ‘वान आथित’ आणि मंगळवार हा अंगारकाचा ‘वान आंगखान’. दूतावासाला ‘सथान थूत’ म्हणतात, म्हणजे दूताचे स्थान. दूरध्वनी तर ‘थोरासाप’, दूरशब्द! आमच्यासारख्या भाषेवर पोट भरणाऱ्यांना हा खेळ कितीही वेळ पुरतो.

आईला मात्र खेळ नको होता, बाजार हवा होता. तिने आजोबांच्या शिकवणुकीप्रमाणे दहा शब्द घेतले. ‘सवात दी’ म्हणजे नमस्कार, ‘खोप खुन’ म्हणजे आभार, ‘थाव राय’ म्हणजे केवढ्याला, ‘माय फेत’ म्हणजे तिखट नको. प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्त्रीने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्राप’ म्हणावयाचे. त्यावाचून बोलणे उद्धट वाटते. मात्र तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द होता ‘मांगसाविरात’. हा आपला ‘मांसविरति’. तरी तेवढ्याने भागत नाही. तेथील स्वयंपाकात माशाचा रस म्हणजे ‘नाम प्ला’ आणि कोळंबीचा आंबवलेला गोळा म्हणजे ‘कापी’ ही आपल्या मीठ-मसाल्याच्या जागी असतात. भाजी नुसती भाजी दिसली, तरी तिच्यात हे दोन्ही असू शकतात. त्यासाठी दुसरा शब्द ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर तांबड्या अक्षरात तो लिहिलेला असला की तेथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काही नाही, इतकेच काय, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी आई तो झेंडा पाहून म्हणाली, “यांच्याकडेही पाळणारे आहेत म्हणायचे!”

बाजारात तिला माहेर भेटले. शेवगा तेथे ‘मारुम’ या नावाने मिळतो. दोडकी, कारली, कोथिंबीर, कच्ची केळी सारे आहे. बाळंतिणीसाठी शेपू कोठे मिळणार, ही तिची मोठी चिंता. तो ढिगांनी निघाला. त्याला म्हणतात ‘फाक ची लाव’, म्हणजे लाओस देशची कोथिंबीर. मेथ्या, सुंठ, ओवा, डिंक यांसाठी आम्ही बँकॉकच्या फाहुरात पेठेत गेलो. मोठ्या गुरुद्वाराभोवती वसलेली ही भारतीयांची जुनी पेठ आहे.

शेजारच्या ‘पा’

डाव्या हाताला साठीच्या घरातील एक थाई बाई एकट्या राहत. त्यांना सारी गल्ली ‘पा’ म्हणे. आईवडिलांच्या वडील बहिणीला तेथे पा म्हणतात, आणि आपल्या मावशीप्रमाणे ते नाते कोणालाही लावतात. त्यांच्या अंगणात खांबावर भूमिदेवतेचे छोटे देऊळ होते. रोज सकाळी त्या तेथे फुले आणि लाल सरबताची बाटली ठेवीत. आई गॅलरीतून पाहत राही. आठ दिवसांनी दोघी एकमेकींना हात जोडू लागल्या.

२७ ऑगस्टला, मंगळवारी दुपारी, बहिणीला मुलगी झाली. रुग्णालयात दुभाषी होता, व्यवस्था चोख होती. परदेशात राहणाऱ्यांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे: रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलिसांसाठी १९१ आणि परदेशी प्रवाशांच्या साहाय्यासाठी ११५५ हे क्रमांक लिहून भिंतीला लावावेत. त्यांच्याखाली घराचा पत्ता थाई लिपीत लिहून ठेवावा. अडचणीच्या वेळी आपल्या उच्चारापेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडतो.

तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आल्या. पा पाहावयास आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि हसून काहीतरी म्हणाल्या. बहिणीने कौतुकाने आपल्या दूरध्वनीतील भाषांतरयंत्रापुढे ते शब्द म्हणून दाखविले. यंत्राने उत्तर दिले, “कुरूप. किळसवाणी.” बहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मेहुणे समजूत घालू लागले, मीही शब्दकोश काढला. परंतु आई शांत होती. तिने बाळाच्या गालावरील काजळाच्या तिटेकडे बोट दाखविले, मग पांच्याकडे पाहिले. पांनी जोरजोराने मान हलविली. मेहुण्यांनी मग उलगडा केला: तान्ह्या बाळाला सुंदर म्हटले तर भुताखेतांची नजर जाते, म्हणून जुनी थाई माणसे बाळाचे कौतुक मुद्दाम उलट्या शब्दांनी करतात. आमच्या यंत्राला शब्द कळला होता. आईला शब्द कळला नव्हता, पण दृष्ट कळत होती.

त्या दिवसापासून पांचे येणे-जाणे सुरू झाले. बाळाचे पोट फुगून ते रात्री रडू लागले, तेव्हा आई हिंगाचा लेप करावयास उठली. तेवढ्यात पा एक छोटी बाटली घेऊन आल्या. वास घराघरातून ओळखावा असा! बाटलीत हिंगाचा अर्क होता. त्याला तेथे ‘महाहिंग’ म्हणतात, आणि तो बाळाच्या पोटाला चोळतात. दोघींनी एकमेकींच्या हातातील वस्तू हुंगून पाहिल्या. आईच्या शेकाला शेगडी मिळाली नाही. घरमालकाची मनाई होती. पांनी वाफवलेल्या औषधी वनस्पतींची पुरचुंडी करून दिली. पूर्वी थाई बाळंतिणीलाही दिवसेंदिवस विस्तवाजवळ निजवीत. त्या चालीला ‘यू फाय’, म्हणजे विस्तवाशी राहणे, असे नाव आहे. अंगावर दूध यावे म्हणून त्या केळफुलाचे सार करीत. पहिल्या दिवशी त्यात कोळंबीचा गोळा होता; आईने हात जोडून ‘मांगसाविरात’ म्हटले. पा सार घेऊन परत गेल्या. रागावल्या असाव्यात असे आम्हांला वाटले. तासाभराने दुसरे पातेले आले: केळफूल, भोपळा, मिरे आणि नुसते मीठ.

आईला गल्लीत आता ‘याय’ म्हणू लागले. आईच्या आईला तेथे याय म्हणतात आणि वडिलांच्या आईला ‘या’. आजीचे दोन निरनिराळे शब्द असलेली ही भाषा आईला फार शहाणी वाटली.

नावाचा प्रश्न

थायलंडमध्ये जन्माची नोंद १५ दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात व्हावी लागते; उशीर झाल्यास दंड होतो. रुग्णालयातील कारकुनाने घरी निघतानाच बाळाचे नाव विचारले होते. आई म्हणाली, “बारशाआधी नाव कसे सांगायचे?” बारावा दिवस होता शनिवार, ७ सप्टेंबर, त्या वर्षीची गणेशचतुर्थी. शनिवार-रविवारी कचेरी बंद, म्हणजे नोंदीला सोमवार-मंगळवार एवढेच उरत होते. तरी आईचा मान राखावयाचा असे ठरले. गौरी-गणपतीच्या दिवसांतील मुलगी, म्हणून ‘गौरी’ हे नाव सर्वांच्या मनात पक्के होते.

आदल्या संध्याकाळी पा गुलाबी रंगाचे झबले घेऊन आल्या. मंगळवारी जन्मलेल्याचा रंग गुलाबी, अशी तेथील समजूत. प्रत्येक वाराचा एक रंग आणि बुद्धमूर्तीची एक मुद्रा ठरलेली असते. मंगळवारची मुद्रा पहुडलेल्या बुद्धाची. त्यांनी नाव विचारले. आम्ही सांगितले. पांनी तीनदा प्रयत्न केला आणि तीनही वेळा ‘खाओरी’ असे निघाले. थाई बोलण्यात ‘ग’ हा ध्वनीच नाही. ‘ग’च्या जागचे अक्षर तेथे ‘ख’ असे उच्चारतात. नोंदीच्या कागदावरही नाव त्याच अक्षराने लिहिले जाणार होते, आणि त्याचे रोमन लिपीत भाषांतर होताना ते खाओरीच होऊन परतण्याचा संभव होता. मग एका कागदावर खाओरी आणि पारपत्रावर गौरी, असा जन्मभराचा घोळ.

परंतु पांच्या चेहऱ्यावर निराळीच काळजी दिसत होती. मेहुण्यांना त्या बराच वेळ काही समजावीत होत्या. थाई ज्योतिषात प्रत्येक वाराला एक अक्षरवर्ग अशुभ मानतात आणि मुलाच्या नावात ती अक्षरे टाळतात. मंगळवारच्या मुलाला वर्ज्य असलेला वर्ग म्हणजे नेमका आपला क-वर्ग: क, ख, ग, घ, ङ. पांना आमच्या मुलीला अशुभ अक्षर लागणे पाहवत नव्हते, आणि परक्याच्या घरात बोलावे की नाही, हा संकोचही सुटत नव्हता.

ज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न येथे नव्हे. बहीण म्हणाली, “नाव आमचे, मुलगी आमची. त्यांच्या वाराशी आपल्याला काय करायचे?” मेहुणे गप्प होते. मला त्या भाषांतराच्या घोळाची धास्ती होती, पण नाव बदला असे म्हणण्याचा अधिकार माझा नव्हता. आपले नाव सोडले तर पहिल्याच पावलाला आपण काहीतरी गमावले, असे बहिणीला वाटत होते, आणि त्यात खोटे काही नव्हते. मुलगी तेथील भूमीत जन्मली तरी तिला त्या देशाचे नागरिकत्व मिळत नाही. तिचे सारे आपलेपण त्या एका नावात साठवले होते.

आई रात्री उशिरापर्यंत जागी होती. सकाळी गणपतीपुढे निरांजन लावताना तिने विचारले, “गौरीला दुसरे नाव काय गं?” बहीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, “उमा.” आईने कुंपणावरून पांना हाक मारली आणि तो शब्द म्हणावयास सांगितला. पा म्हणाल्या, “उमा.” जसाच्या तसा, कोठे खरचटला नाही. त्यांनी लगेच हात जोडले, कारण उमा त्यांच्या ओळखीची होती. बँकॉकच्या सिलोम रस्त्यावरील तमिळांच्या देवळाचे थाई नावच श्रीमहाउमादेवीचे आहे, आणि तेथे थाई माणसांचीच गर्दी अधिक असते. उमा या नावात क-वर्गातील एकही अक्षर नाही.

दुपारी पाळण्यात नाव ठेवले. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करताना बाळाला इकडून घेणारी आई होती आणि तिकडून घेणाऱ्या पा. आमच्याकडे ती उमाच, परंतु आई तिला गौरी म्हणूनही हाक मारते. थाई लोकांतही प्रत्येकाला कागदावरचे एक आणि घरातले एक अशी दोन नावे असतात, हे ऐकून बहिणीचे उरलेसुरले समाधान झाले.

दोन दप्तरे

सोमवारी, ९ सप्टेंबरला, आम्ही नोंदीच्या कचेरीत गेलो. आईवडिलांची पारपत्रे आणि रुग्णालयाचा दाखला एवढे जवळ होते. जन्मदाखल्याला थाई भाषेत ‘सूतिबात’ म्हणतात. सूतिपत्र म्हटले की आपल्याला तो शब्द लागलीच कळतो. कारकून बाईंनी नाव एकदाच विचारले आणि न अडखळता लिहिले.

तरी चूक व्हावयाची ती झालीच. ती पुढे भाषांतरात झाली. भारतीय दूतावासात देण्यासाठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते आणि ते थायलंडच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घेणे श्रेयस्कर. आम्ही ज्यांच्याकडून भाषांतर करविले, त्यांनी बहिणीच्या आडनावातील ‘व’ थाई अक्षरावरून उतरविला, आणि तो पारपत्रावरील रोमन अक्षराहून निराळ्या अक्षराने आला. फरक एका अक्षराचा, पण एवढ्यावरून आई आणि मूल यांचे आडनाव दोन देशांत दोन झाले असते. मुद्रिते तपासण्याची सवय या वेळी कामास आली. सही करण्यापूर्वी पारपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने जुळवून पाहावे, ही माझी सर्व वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

भारताबाहेर जन्मलेल्या अपत्याची नोंद आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. नंतर पारपत्र, त्यानंतर थायलंडमध्ये राहण्याचा परवाना. वर्ष मोठे वाटते, पण बाळंतिणीच्या घरात ते पटकन सरते. मेहुण्यांनी महिना उलटण्यापूर्वीच अर्ज दिला.

सीमोल्लंघन

ऑक्टोबरच्या आरंभी आपले नवरात्र बसले आणि त्याच दिवसांत तेथील नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सवही लागला. बाजार पिवळ्या झेंड्यांनी भरून गेला. दोन महिने पाट्या शोधीत हिंडणारी आई आता कोठेही निर्धास्त जेवू शकत होती. पांनीही ते नऊ दिवस पाळले, आणि रोज एक वाटी आमच्याकडे, एक वाटी त्यांच्याकडे, असा क्रम चालला.

पदुमधानीचे नाव कसे पडले, ते त्यांनीच सांगितले. ब्रह्मदेशातून परागंदा होऊन आलेल्या मोन लोकांना थाई राजांनी त्या भागात वसविले होते. १८१५ साली दुसरा राम राजा तेथे आला, तेव्हा त्या लोकांनी त्याला कमळे अर्पण केली, म्हणून राजाने त्या गावाला कमळाची नगरी म्हटले. आईने विचारले, “म्हणजे हे गाव परक्या माणसांनीच वसवले?” पांनी आपल्या छातीवर हात ठेवला. त्यांची पणजी मोन होती.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, आम्ही परत निघालो. मुदतीत एक दिवस शिल्लक होता. पांना सोने म्हणून द्यावयास आपट्याची पाने मिळाली नाहीत, म्हणून आईने आपल्या हिंगाची डबी त्यांच्या हातात ठेवली. पांनी महाहिंगाची बाटली दिली. विमानतळावरील तपासनीसाने ती बाटली उघडून हुंगली, आईकडे पाहिले, पुन्हा झाकण घट्ट लावले आणि हसून सामानात ठेवली.

ती बाटली आता पद्मनाभपुरात आमच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे. गल्लीत कोणाचे तान्हे रडू लागले की आईकडे मागणी येते. आई बाटली देते, आणि देताना बाळाकडे पाहून म्हणते, “काय बाई कुरूप आहे!”